मॉडेलमधला खिळा

१

ऑफिसात तिला सगळे ताई म्हणत. साहेबसुद्धा. साहेब तिच्यापेक्षा आठ वर्षांनी मोठे, पण एकदा नाव पडलं की पडलं. सतरा वर्षं ती एकच काम करत होती. कुणी कधी न पाहिलेलं जमिनीच्या पोटातलं जग कॉम्प्युटरवर उभं करायचं. दोन-तीन किलोमीटर खाली शेल नावाचा दगड असतो, पाटीसारखा काळा, पापुद्र्यांचा, आणि त्या पापुद्र्यांत गॅस अडकून बसलेला असतो. तो कुठे आणि किती, हे सांगायचं. हाताशी काय, तर पन्नास किलोमीटरच्या पट्ट्यात खणलेल्या सहा विहिरी. बाकी सगळा हिशेब अंदाजाचा. "लोक शितावरून भाताची परीक्षा करतात," ती म्हणायची, "आम्ही सहा शितांवरून अख्ख्या कोठाराची करतो."

विहीर नाही तिथले थर सॉफ्टवेअर आपल्या मनाने भरतं, आणि कधीकधी भलतंच भरतं. दक्षिणेच्या कडेला अकरा किलोमीटरमध्ये एकही विहीर नव्हती, तर तिथले सगळे थर ओल्या पुठ्ठ्यासारखे वर फुगून आले होते. यावर या धंद्यात एक जुना तोडगा आहे. सगळे करतात, कबूल कुणी करत नाही. मॉडेलमध्ये एक खोटी विहीर ठोकून द्यायची. तिच्यामुळे थर जागेवर दाबून बसतात. अशा विहिरीला ऑफिसात खिळा म्हणत. फक्त मॉडेल बाहेर पाठवण्याआधी आठवणीने तो उपटायचा.

ताईने गुरुवारी खिळा ठोकला. सॉफ्टवेअर तीन गोष्टी विचारतं आणि रकाना रिकामा ठेवला तर पुढे जाऊ देत नाही: जागा, खोली, खणणाऱ्याचं नाव. जागेचे आकडे तिला एकाच ठिकाणचे तोंडपाठ होते, स्वतःच्या घराचे. कधीतरी अक्षांश-रेखांश दाखवणारं नवं यंत्र तपासायला ती दारात उभी राहिली होती, तेव्हापासून ते डोक्यात बसले होते. घर दक्षिणेच्या कडेलाच, म्हणजे आयतंच झालं. खोली टाकली दोन हजार सातशे चाळीस मीटर. आणि नावाच्या रकान्यात, स्वतःशीच हसत, वडिलांचं नाव घातलं. अप्पांनी चाळीस वर्षं बोअर मारल्या होत्या, पण दोनशे मीटरच्या खाली कधी गेले नव्हते. एक तरी विहीर त्यांच्या नावावर खोल असू दे, असं तिला वाटलं.

शुक्रवारी मॉडेल भागीदार कंपनीकडे रवाना झालं. खिळा उपटायचा राहून गेला.

२

सोमवारी सकाळचा क्रम नेहमीचा. डबा कपाटात, चष्म्याच्या काचा ओढणीने पुसायच्या, चहाचा कप डाव्या हाताला, मग मॉडेल उघडायचं. ज्या विहिरीत नवी मोजमापं आली असतील तिच्या नावापुढे निळा ठिपका दिसतो. खऱ्या विहिरींवर यंत्रं बसवलेली आहेत, ती आपोआप मोजून पाठवतात. त्या दिवशी सहाच्या सहा विहिरींपुढे काही नव्हतं. ठिपका होता तो खिळ्यापुढे.

"अरे देवा, काढायचा राहिला की!" हाच पहिला विचार. जीभ चावून झाल्यावर मग दुसरा विचार आला, की जी विहीर कुणी खणलेलीच नाही तिच्यात मोजणार कोण?

तिने ती उघडली. अगदी तळापासून वर, सव्वीसशे दहा मीटरपर्यंत, एक रेघ आली होती. दगडाचा स्वभाव सांगणारी रेघ असते तीच. बनवलेली रेघ ताई लांबून ओळखायची. ती फार नीटनेटकी असते. ही तशी नव्हती. हिच्यात खऱ्या दगडाची बारीक थरथर होती.

"भोंग्या, तुझे धंदे का रे हे?"

भोंगा म्हणजे ऑफिसातले कॉम्प्युटर सांभाळणारा. कुजबुजला तरी शेजारच्या इमारतीत ऐकू जायचं म्हणून भोंगा. तो येऊन तिच्या खुर्चीमागे वाकला.

"ताई, मला एवढा रिकामा वेळ असता तर आतापर्यंत माझं लग्न नसतं झालं?" त्याने दहा मिनिटं खटपट केली. मग कधी नव्हे तो हळू आवाजात म्हणाला, "बाहेरून काही आलेलं नाही. आतून कुणी लिहिलेलं नाही. म्हणजे आधीपासूनच होतं ते."

"नव्हतं."

"मग विसरलीस तू. बदाम खात जा."

ती हसली. विसरलेही असेन, असं तिने स्वतःला समजावलं. समजावायला काय, माणूस स्वतःला काहीही समजावतो.

३

मंगळवारी रेघ चोवीसशे ऐंशीवर होती. बुधवारी तेवीसशे पन्नासवर.

माणसं विहीर खणतात ती वरून खाली. आधी पन्नास मीटर, मग शंभर, मग दोनशे. ही उलटी वाढत होती. तळापासून सुरू होऊन वर येत होती. आणि सोमवारी आलेली जी थरथरती रेघ होती, ती आता सपाट झाली होती. शून्यावर. ताईने सतरा वर्षांत शून्य पाहिलं नव्हतं. रिकाम्या भोकात यंत्र सोडलं तरी ते काही ना काही दाखवतं, पाणी, हवा, भिंतीचा दगड. शून्य म्हणजे तिथे मोजण्याजोगं काही उरलेलंच नाही. जे काही वर येत होतं, ते जिथून गेलं तिथे मागे काहीच ठेवत नव्हतं.

तिने खिळा उपटला. म्हणजे माउसने निवडला, 'काढून टाका' दाबलं, खरंच काढू का असं सॉफ्टवेअरने विचारलं, तिने हो म्हटलं. गुरुवारी सकाळी तो जागेवर होता, ठिपक्यासकट. तिने जुनी प्रत उघडली, खिळा ठोकण्याच्या आधीची. तिच्यातही तो होता.

भागाकार करायचा नाही असं ठरवूनही तिने बुधवारीच तो केला होता. रोज एकशे तीस मीटर. अठरा दिवस आणि वर काही तास. त्या विहिरीचं तोंड तिच्या घराच्या दारात होतं.

ती साहेबांकडे गेली आणि सरळ कबूल केलं की दक्षिणेची विहीर खोटी आहे, आपण काढायला विसरलो. साहेबांनी दार लावून घेतलं.

"हळू बोल जरा. अगं, सकाळीच त्यांचा फोन होता. दक्षिणेच्या विहिरीवर खूश आहेत ते. म्हणतात, एवढी सुंदर मोजमापं कशी घेतलीत?"

"साहेब, ती मोजमापं मी घेतलेली नाहीत. तिथे विहीरच नाही."

"हे तुझ्याशिवाय कुणाला माहीत आहे?"

"मला माहीत आहे ना! आणि ती वर येतेय."

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं, वडील आजारी असलेल्या बाईकडे पाहावं तसं. "दोन दिवस रजा घे ताई," ते म्हणाले. "फार ओढलंयस स्वतःला." गाढवापुढे गीता वाचून ती जागेवर येऊन बसली.

४

घरात दोघंच. आई जाऊन बारा वर्षं झाली होती, आणि ताईचं लग्न दोन वर्षं टिकून मोडलं त्याला तर जमाना लोटला होता. तळमजल्यावरचं दोन खोल्यांचं घर. बाहेरच्या खोलीत खिडकीखाली अप्पांची खाट. तीन महिन्यांपूर्वी न्हाणीघरात पाय घसरला आणि कंबरेचं हाड गेलं. हृदय तोळामासा, म्हणून डॉक्टर ऑपरेशनला हात लावेनात. या कुशीवरून त्या कुशीवर वळायचं नाही, हलवायचं तर मुळीच नाही. दिवसा शेजारच्या काकू येऊन बसत. अप्पा उताणे पडून सगळ्या जगाची टिंगल करत.

"आली का पाताळाची राणी?" दारात तिची चाहूल लागली की ते विचारत. "सापडला का आज काही खजिना?"

ही चाहूल त्यांना कानाने लागत नसे. चाळीस वर्षं बोअरच्या गाडीशेजारी उभं राहून त्यांचे कान केव्हाच गेले होते. बोलणं ते ओठांवरून वाचत, बाकी सगळं हाताने ऐकत. डावा हात खाटेखाली सोडलेला, तळवा फरशीला टेकलेला. कुणाची पावलं, कुणाची गाडी, वरच्या मजल्यावरचं भांडण, सगळं त्यांना तळव्यातून कळे. ताईला लहानपणापासून त्याची इतकी सवय होती की ती घरात शिरताना मुद्दाम एकदा टाच आपटायची.

ताईने त्यांना काही सांगितलं नाही. तिने काकूंना सांगितलं नाही, भोंग्याला सांगितलं नाही. रोज सकाळी ती आकडा बघे आणि संध्याकाळी घरी येऊन फरशी बघे. फरशीला काही झालेलं नसे. आपलं डोकं फिरत चाललंय, असं ती मनाशी म्हणे, आणि तसं असेल तर किती बरं, असंही म्हणे.

अठराव्या दिवशी, गुरुवारी, आकडा चारशेवर आला. ती घरी पोचली तर अप्पांनी पाताळाची राणी म्हटलं नाही.

"शेजारी बोअर कुणाची चाललीय गं?"

"कुणाचीच नाही, अप्पा."

"वेडी का खुळी? दुपारपासून चाललीय. ये, हात लाव इथे."

ती खाली बसली, त्यांच्या हाताशेजारी हात टेकवला. फरशी गार होती. तिला काही जाणवलं नाही.

"तुला नाही कळायचं," अप्पा म्हणाले. ते नेहमीसारखे हसले नाहीत. "पण ही बोअर चुकीची आहे. वरून मारतात ना, तेव्हा दणका लांब लांब जातो. हा जवळ येतोय. आणि मधेच थांबतो बघ. बोअर बंद केली की सगळंच थांबतं. हा नुसता थांबतो, कुणी कान लावून थांबावं तसा. मग परत चालू."

"झोपा बरं तुम्ही."

"झोपतोय कसला," अप्पा म्हणाले, आणि त्यांनी हात उचलून पोटावर ठेवला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

५

शुक्रवारी आकडा दोनशे सत्तर. ताईने ऑफिसात पोचल्यावर चहासुद्धा घेतला नाही. खिळा काढता येत नाही, ठीक आहे. पण हलवता तर येईल! ही युक्ती पंधरा दिवस सुचली कशी नाही म्हणून तिने कपाळावर हात मारून घेतला. तिने नकाशावर रिकामी जागा शोधली, सगळ्या वस्तीपासून लांब असलेला तलाव, आणि विहिरीचं तोंड धरून तलावाच्या बरोबर मध्यावर नेऊन सोडलं. मॉडेलने मुकाट्याने ऐकलं. तिला रडूच फुटलं. त्या रात्री तिला झोप लागली.

शनिवारी सुट्टी असून ती ऑफिसात गेली. तोंड तलावातच होतं. पण तोंड हलवलं म्हणजे विहीर हलत नाही, हे पहिल्या वर्षाच्या पोराला शिकवतात, आणि ती सतरा वर्षांनी विसरली होती. खालची वाट होती तिथेच राहते. सॉफ्टवेअरने दोन्ही टोकं जोडायला एक तिरपी ठिपक्यांची रेघ आखली होती. जे येत होतं त्याने त्या रेघेकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. ते एकशे चाळीस मीटरवर होतं, सरळ घराखाली.

तिने खिळ्याचे सगळे तपशील उघडले. जागा, तलाव. खोली. आणि तिसरा रकाना. त्यातलं नाव तिने पुन्हा वाचलं.

आपल्या हाताने लिहिलं मी हे. तिने पटकन त्या रकान्यात माउस नेला. स्वतःचं नाव लिहायचं, बस. त्यात तिला विचार करावा लागला नाही. पण रकाना राखाडी झालेला होता. विहिरीत एकदा मोजमापं आली की खणणाऱ्याचं नाव बदलता येत नाही, नियमच तसा, आणि कुणी घोळ घालू नये म्हणून तो सॉफ्टवेअरमध्ये घालायला तिनेच एकदा लावला होता. तिने भोंग्याला घरी फोन केला. तो आला, त्याने कुलपं काढली, दोनदा सगळं बंद करून चालू केलं. रकाना राखाडीच राहिला.

"ताई, एवढं काय अडलंय त्या नावावाचून?" भोंगा म्हणाला.

६

उरला एकच मार्ग. अप्पांना वर नेणं. कुठलीही विहीर जमिनीशी संपते. तिच्या वर मोजायला काही नसतं.

"छातीत दुखतंय म्हणतायत," ती ॲम्ब्युलन्सवाल्यांशी धडधडीत खोटं बोलली. डॉक्टरांनी हलवू नका म्हटलंय हे तिने सांगितलं नाही. चौघांनी चादरीसकट उचललं तेव्हा अप्पांच्या तोंडून जो आवाज निघाला तो तिने दात आवळून ऐकून घेतला. हॉस्पिटलमध्ये तिने पाचव्या मजल्यासाठी हट्ट धरला, भांडली, पाया पडायची बाकी ठेवली. शेवटी कोपऱ्यातली एक खोली मिळाली. जमिनीपासून सोळा मीटर वर. ते तिने जिन्याच्या पायऱ्या मोजून काढलं.

रविवारी सकाळी अप्पांना जरा हुशारी आली. औषधाने दुखणं दबलं होतं. ताईने त्यांचा हात धरला आणि सगळं सांगितलं. खिळा, घराचे आकडे, रेघ, नाव. अप्पा तिच्या ओठांकडे बघत राहिले.

"किती खोल म्हणालीस?"

"दोन हजार सातशे चाळीस."

"आणि माझं नाव?"

"चुकलं माझं, अप्पा. गंमत म्हणून घातलं हो. मला काय माहीत..."

"अगं रडतेस काय! पावणेतीन किलोमीटर! आमच्या धंद्यात कुणाचा बाप गेला नव्हता एवढा." ते हसले, हसताना त्यांना कळ आली, तरी हसले. मग तिच्या गालावर हात फिरवून म्हणाले, "चूक नाही ती. माझ्यासाठी केलंस ना? झालं तर मग. तुझा जीव आहे माझ्यावर, मला काय ठाऊक नाही?"

ती जन्मात कधी रडली नव्हती तशी रडली. मांडीवरच्या लॅपटॉपवर दहा मीटरचा आकडा होता, आणि वाट आता घरापासून हॉस्पिटलकडे वाकून निघाली होती.

७

दुपारी चार वाजता आकडा शून्य झाला. खिडकीतून लख्ख ऊन येत होतं. खाली आवारात गाड्या लागत होत्या, नर्स ट्रॉली ढकलत गेली, कुणीतरी मोठ्याने जांभई दिली. ताईने श्वास सोडला. संपलं.

तेवढ्यात आकड्याच्या आधी एक छोटी आडवी रेघ उमटली. उणे दोन.

सॉफ्टवेअरला तिने कधी उणे आकडा दाखवताना पाहिलं नव्हतं. कुणीच पाहिलं नसेल, कारण जमिनीच्या वर कोण विहीर खणणार? उणे पाच. उणे नऊ. मजले ती मनातल्या मनात मोजत होती. पहिला. तिसरा. पळून जावं तर अप्पांना घेऊन जाणार कुठे, आणि उचलणार कोण? तिने बेल दाबली. कुणी आलं नाही.

"ताई," अप्पा म्हणाले. ते तिला ताई कधी म्हणत नसत. त्यांचा तळवा गादीवर सपाट टेकलेला होता. "जरा लांब उभी राहा, बाळ."

"मी नाही जाणार."

"बापाचं ऐकावं कधीतरी."

ती हलली नाही. त्यांच्या पायाशी पांघरुणात एक खड्डा पडला. गोल. हाताच्या पंजापेक्षा थोडा मोठा. पाहणाऱ्याला वाटावं की कापडालाच चुणी पडलीय. तो खड्डा हळूहळू वर सरकू लागला, मांडीजवळून, कमरेजवळून, आणि मधे एकदा थांबला. ताईने झडप घालून त्याच्यावर हात दाबला. हाताखाली चादर लागली नाही, गादी लागली नाही, काहीच लागलं नाही. हात मनगटापर्यंत आत गेला आणि खालून गार वारा बोटांना लागला.

तिने किंचाळून हात मागे घेतला. एवढा एक क्षण तिने हात मागे घेतला. पुन्हा पाहिलं तेव्हा पांघरूण सारखं होतं आणि अप्पांचे डोळे मिटलेले होते.

८

डॉक्टर आले, त्यांनी नाडी पाहिली, छाती तपासली, फोटो काढून आणला. तो उजेडात धरून त्यांनी दोनदा पाहिला.

"आश्चर्य आहे," ते म्हणाले. "ठोके तरुण माणसासारखे आहेत. आणि हाडाला इजा दिसत नाही. तुमच्या आधीच्या डॉक्टरांनी काय बघितलं होतं कोण जाणे! उद्या घरी न्या."

ते गेले. ताई खुर्ची ओढून खाटेजवळ बसली. अप्पा डोळे उघडून छताकडे बघत होते. चेहऱ्यावर दुखणं नव्हतं, की टिंगल नव्हती, की काळजी नव्हती. दोन्ही हात छातीवर जोडून ठेवलेले.

"अप्पा," ती म्हणाली. मग मोठ्याने, मग त्यांच्या समोर तोंड नेऊन. "अप्पा, मी."

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. छान, सभ्यपणे हसले, वेटिंग रूममध्ये शेजारी बसलेल्या बाईकडे बघून हसावं इतपत.

"तुमचं कुणी आहे का इथे?" त्यांनी विचारलं.

"हो," ती म्हणाली. "वडील आहेत."

"होतील हो बरे," ते म्हणाले, आणि आरामात भिंतीकडे कुशीवर वळले.